देवगिरीच्या दारातले पाणी

लुंबिनीला जायचे म्हणून आम्ही पनवेलचे चौघे मित्र गेली कित्येक वर्षे पैसे बाजूला टाकीत आहोत. एक निवृत्त मास्तर, एक एस.टी.चा निवृत्त कंडक्टर, एक गोदीत हमाली करून पोरांना शिकवलेला, आणि चौथा मी. दर वैशाखी पौर्णिमेला बेत ठरतो आणि कोणाच्या तरी घरच्या अडचणीने मोडतो. यंदाही मोडला. तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘अहो, नेपाळला जायला आपल्या माणसाला व्हिसा लागत नाही. बाबासाहेबांना मात्र दौलताबादला लागला होता. आधी तिथे जाऊन येऊ.’’

मास्तरांचा रोख आम्हाला कळला. बाबासाहेबांच्या आठवणींच्या एका छोट्या लिखाणाचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. अस्पृश्यता म्हणजे नेमके काय, हे परदेशी माणसाला कसे समजवावे, असा प्रश्न घेऊन ते लिहिलेले आहे. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्याची पुस्तिका काढली आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. त्यात १९३४ सालच्या एका सहलीची हकीकत आहे.

रात्रीच्या गाडीने निघालो. पळस्पे फाटा आला तसा कंडक्टर मित्राने खिडकीबाहेर बोट दाखवले. याच रस्त्यावर बाबासाहेबांना कोणी पाणी दिले नाही, म्हणून सोनबा नावाचा आपला एक माणूस पाण्याचे मडके घेऊन पुढे वर्षानुवर्षे त्यांची वाट पाहत बसे, अशी आठवण आमच्या भागात सांगतात. पनवेलचा माणूस दौलताबादला निघाला की त्याच्या डोक्यात पाणीच असते, ते असे.

सकाळी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला उतरलो. दिवसभरासाठी एक जीप ठरवली आणि किल्ल्यापाशी आलो. देवगिरीचा इतिहास शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत. यादवांची राजधानी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा वेढ्यासाठी वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा फिरिश्ता सांगतो. पुढे १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. वाटाड्या तरुण मोठ्या उत्साहाने सांगत होता: हा खंदक, हा तासून गुळगुळीत केलेला कडा, ही शत्रूला चकवणारी अंधारी वाट. तो कडा कोणाच्या हातांनी तासला, हे मात्र त्याच्या पाठांतरात नव्हते. इतिहासाच्या पुस्तकातच नाही, तर त्या बिचाऱ्याच्या पाठांतरात कुठून येणार?

तटाच्या सावलीत बसून मास्तरांनी ती हकीकत आम्हाला मराठीत सांगितली. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीचा बेत केला. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जण नाशिकहून निघाले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे इंग्रजी मुलखातून पाहिले तर परमुलूखच. दौलताबादला आपली माणसे वाट पाहत उभी होती. आधी चहा घ्या म्हणाली. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहायचा होता, म्हणून चहा परतताना घेऊ असे सांगून मंडळी पुढे गेली. रमजानचा महिना होता. दाराबाहेर काठोकाठ भरलेला लहानसा तलाव होता. प्रवासाच्या धुळीने तोंडे माखलेली. काहींनी फरसबंदीवर हातपाय, तोंड धुतले आणि सगळे आत गेले.

इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मागून ओरडत आला. ढेडांनी तलाव बाटवला, ही त्याची तक्रार. पाहता पाहता जमाव जमला. पाहुणे परगावचे, त्यांना ठाऊक नव्हते, एवढेही कोणी ऐकेना. मग सगळा राग स्थानिक अस्पृश्यांवर वळला. या लोकांना तुम्ही आधी का सांगितले नाही, असा जाब त्यांना विचारला गेला. शेवटी बाबासाहेबांनी संतापून विचारले, हेच का तुमचा धर्म शिकवतो? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही हे पाणी बंद ठेवाल का? जमाव गप्प झाला. पहारेकऱ्याने नाव लिहून घेतले, वर विचारून आला. आत जायची परवानगी मिळाली, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. आणि त्यासाठी हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

हा प्रसंग एका धर्माच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांनी ते लिखाण पुरते वाचावे. त्यात बडोद्याची पारशी खाणावळ आहे, चाळीसगावचा टांगेवाला आहे, हिंदूंची दारे तर आहेतच. जात ही हिंदू धर्माच्या शिक्क्याने चलनात आली आणि या देशातल्या प्रत्येक धर्माच्या बाजारात चालली. बाबासाहेबांना दाखवायचे होते ते हे.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा. चवदार तळ्याचा हायकोर्टातला निकाल १९३७ चा. देवगिरीचा प्रसंग या दोहोंच्या मधला. ज्याने हजारोंना तळ्यावर नेले, त्याच्यासोबत पाण्याला शिवू नये म्हणून बंदूकवाला चालत होता. एवढा अवघड किल्ला, पण आमच्यासाठी त्याचा सर्वांत अवघड दरवाजा खंदकापाशी नव्हता, अंधाऱ्या वाटेतही नव्हता. तो पाण्याचा होता.

मास्तर थांबले तेव्हा मला माझे वडील आठवले. प्रवासाला निघताना ते तांब्या भरून घेत. स्टेशनात नळ असला तरी त्याला तोंड लावीत नसत. विचारले तर म्हणत, ‘‘बाहेरचं पाणी बाधतं रे.’’ मी ते आजारपणाचे भय समजत होतो. तरुणपणी मी हा किल्ला एकदा चढून गेलो होतो, तोफेवर हात ठेवून फोटोही काढला होता. तेव्हा हा तलाव मला ठाऊक नव्हता आणि माझ्या बापाचा तांब्याही मला कळला नव्हता.

दुपारी वेरूळला गेलो. तिथे चौतीस लेणी. पहिली बारा बौद्धांची. पाचव्या लेण्यात गेलो तेव्हा आम्ही चौघेही बोलायचे थांबलो. एकशेसतरा फूट खोल दालन, दोन्हीकडे खांबांच्या रांगा आणि मधोमध, दालनभर लांब, दगडात कोरलेले दोन ठेंगणे बाक. भिक्खू समोरासमोर ओळीने बसावेत, अशी ही पंगत. या लेण्याला लोक काय म्हणत आले? महारवाडा. आणि १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी लेण्यांवरचा ग्रंथ लिहिला, त्यात या सुरुवातीच्या लेण्यांची नोंद ‘ढेडवाडा’ अशी आहे.

बोलीतले नाव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणतो. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडला, तो वेगळ्या आधारांवर. या एका नावावर मी तो उभा करणार नाही. पण मला एवढे दिसते की जिथे जात न विचारता माणसे एका ओळीत बसली, ती जागा ओस पडल्यावर गावाला तिच्यासाठी गावकुसाबाहेरच्या वस्तीचेच नाव सुचले. किल्ल्याच्या दारात जो शब्द शिवी म्हणून आला, तोच बुद्धाच्या दारावर आधीपासून लिहिलेला होता. आमचे हमाल मित्र त्या बाकावर हात फिरवत म्हणाले, ‘‘मास्तर, आपलं घर तर इथं आहे. लुंबिनीला सावकाश जाऊ.’’

संध्याकाळी नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय पाहिले. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच हे. त्याच वर्षी २६ जानेवारीला संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन तिथली मनाई मोडली आहे. जगातल्या संविधानांत मोठमोठी तत्त्वे असतील. आमच्या संविधानात तलाव आहे. तो तिथे का आहे, हे देवगिरीच्या दारात उभे राहिल्यावर कळते.

स्थळ पाहणे म्हणजे कोणी बांधले आणि कोणी जिंकले एवढेच पाहणे नव्हे. तिथे पाणी कोणाला मिळाले, हेही विचारले पाहिजे. आपल्या पोरांच्या सहली तिथे जातील, तेव्हा मीठ भरलेल्या पोत्यांची गोष्ट त्यांना जरूर सांगा. त्या तलावाचीही सांगा. आणि चहा करून वाट पाहणाऱ्या, पाहुणे गडावर गेले असताना शिव्या खाणाऱ्या त्या दौलताबादच्या आपल्या माणसांचीही सांगा. पाहुणे पुढच्या गावी गेले. ती माणसे त्याच तलावाच्या गावात राहिली.