वेलवांग्याची बाटली

टोमॅटोला बंगालीत जुने नाव आहे ‘विलायती बेगुन’, म्हणजे परदेशचे वांगे. आपल्याकडेही जुन्या पिढीच्या तोंडी ‘वेलवांगे’ हा शब्द होता. वऱ्हाडात त्यालाच भेदरे म्हणत. दूरदूरच्या दोन प्रांतांनी या परक्या फळास वांग्याच्या गोत्रात घ्यावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. वनस्पतिशास्त्रही टोमॅटो आणि वांगे एकाच कुळातील मानते.

मूळच्या अमेरिका खंडातील या फळास युरोपात प्रथम आदर मिळाला नाही. विषारी वनस्पतींशी असलेल्या नात्यामुळे कित्येक ठिकाणी ते केवळ शोभेसाठी लावीत. बंगालमध्ये विलायती भाजीपाल्याची बियाणी पसरविण्यात ज्या संस्थेचा वाटा होता, ती कृषि-उद्यान संस्था विल्यम केरी यांनी 1820 साली कोलकात्यात स्थापन केली. मराठी वाचकास केरी परके नाहीत. मराठीचे व्याकरण (1805) आणि मराठी-इंग्रजी कोश (1810) श्रीरामपुराहून प्रसिद्ध करणारे ते हेच. पुढे 1889 ते 1893 या काळात जॉर्ज वॅट यांचा भारतीय उत्पन्नांचा महाकोश प्रसिद्ध झाला. टोमॅटोची लागवड मुख्यत्वे युरोपियनांसाठी होते, तथापि बंगाली लोक आंबट कालवणात तो वापरू लागले आहेत, अशी नोंद त्यात सापडते. आज येथील लग्नाच्या पंगतीत खजूर घातलेल्या टोमॅटोच्या चटणीवाचून जेवण पुरे होत नाही!

परंतु या फळाचा हंगाम अल्पायुषी. पूजेनंतर परसात किंवा गच्चीवरील कुंडीत लावलेली रोपे माघ-फाल्गुनात इतकी फळतात की शेजाऱ्यांना वाटूनही टोपली रिकामी होत नाही. आणि चैत्राचा उकाडा सुरू झाला की सारे आटोपते. मग साठवणीचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधावयास फ्रान्समध्ये जावे लागते.

सैन्याचे अन्न टिकविण्याची युक्ती शोधणाऱ्यास फ्रेंच सरकारने 1795 साली बारा हजार फ्रँकांचे बक्षीस जाहीर केले. निकोला आपेर या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत सिद्ध केली आणि 1810 साली ते बक्षीस मिळविले. अन्न टिकते, एवढे त्याला ठाऊक होते. का टिकते, हे ठाऊक नव्हते. ते कोडे पाश्चरच्या सूक्ष्मजंतुविषयक संशोधनाने 1860 च्या सुमारास उलगडू लागले. दरम्यान 1858 साली अमेरिकेत जॉन मेसन याने आट्यांच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले, आणि कारखान्यातली विद्या स्वयंपाकघरात आली.

तथापि एक शत्रू दडलेलाच होता. 1895 साली बेल्जियममधील एका गावी खारविलेले डुकराचे मांस खाऊन काही वादक दगावले. त्या प्रकरणातून फान एर्मेंगेम याने एक जंतू वेगळा केला. त्याची बीजे साध्या उकळीने मरत नाहीत, आणि जेथे हवा नाही तेथेच तो वाढतो व विष निर्माण करतो. म्हणजे ज्या निर्वात बाटलीने इतर जंतू दूर ठेवावेत, तीच याचे घर! असे अन्न दिसावयास, वासाला आणि चवीला निर्दोष असू शकते. या जंतूला रोखते ते आम्ल. आम्लता मोजण्याच्या ‘सामू’ या मापाचा आकडा जितका लहान, तितके आम्ल अधिक. 4.6 च्या खाली या जंतूची वाढ होत नाही. टोमॅटो नेमका या सीमेवर उभा आहे. काही जाती, काही अतिपक्व फळे सीमा ओलांडतात. जिभेला आंबट लागले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

म्हणून आज मान्य असलेली रीत अशी : पक्व पण घट्ट, निरोगी झाडावरची फळे घ्यावीत. अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून लगेच थंड पाण्यात टाकावीत, म्हणजे साल सहज निघते. देठाकडचा कठीण भाग काढून, फोडी चेचून पाच मिनिटे उकळाव्यात. अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा, लिटरच्या बरणीत दोन चमचे लिंबाचा रस आधी घालावा. तो बाजारचा बाटलीतला असावा, कारण त्याची आम्लता ठरलेली असते. वर अर्धा इंच जागा सोडून, मुद्दाम या कामासाठी केलेले नवे झाकण लावावे. बरण्या बुडून वर इंचभर पाणी राहील अशा बेताने लहान बरणी 35 व मोठी 45 मिनिटे उकळावी. कोलकाता समुद्रसपाटीलगत असल्याने एवढे पुरते. महाबळेश्वरी पाणी कमी उष्णतेला उकळते, तेथे दहा मिनिटे अधिक द्यावी लागतात.

आपल्या घरांतील लोणच्यामागे कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. मीठ, तेल आणि आंबट यांचे प्रमाण हातालाच ठाऊक असते. हवाबंद बाटलीमागे आपल्या घरांत तशी परंपरा नाही. येथे अंदाज चालत नाही. तो चमचाभर रस कमी करण्याचा मोह ज्यांना होईल, त्यांनी बेल्जियममधल्या त्या वादकांची आठवण ठेवावी.