पिटातली फर्माईश

वन्स मोअर कधी द्यायचा, हे मला आण्णांनी शिकवलं. आण्णा म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात खासबाग मैदानाला लागून असलेल्या नाट्यगृहात डोअरकीपर होते. तिसरी घंटा झाली की ते मला शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी करायचे आणि स्वतः पडद्याच्या फटीतून बाहेर लक्ष ठेवायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. ‘सौभद्र’ लागलं होतं. कृष्णाचं पद रंगात आलेलं, तान अजून हवेत, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” आण्णा कसनुसं तोंड करून माझ्याकडे वळले. रात्री घरी परतताना वाटेत म्हणाले, “समेवर येऊ दे की त्याला! मधीच वरडलं तर गाणं मोडतंय आन् मागणाऱ्याची अक्कल बी दिसतीया. पद सपलं की एक श्वास घ्यायचा. मग मागायचं.”

आण्णांची शाळा चौथीपर्यंतची. पण हे दोन इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी इतके घरचे होते की ते परके आहेत असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटलंच नाही. पुढे मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एकदा वर्गात मुलांना सांगताना माझं मलाच उमगलं की इंग्लंडमधला श्रोता या कामासाठी ‘वन्स मोअर’ म्हणतच नाही. त्याचा रूढ शब्द ‘ऑन्कोर’. तो त्याने फ्रेंचमधून घेतला. गंमत अशी की फ्रेंच माणूस स्वतः त्या वेळी ‘ऑन्कोर’ म्हणत नाही, तो ‘बिस’ असं ओरडतो. इटलीतही बिसच. हा बिस लॅटिन, अर्थ दोनदा, आणि संस्कृतातल्या ‘द्विः’चा तो सख्खा भाऊ. म्हणजे इंग्रजांनी फ्रेंचांचा जो शब्द उचलला तो फ्रेंच त्या जागी वापरत नाहीत, आणि आपण इंग्रजांचे जे दोन शब्द उचलले ते इंग्रज त्या जागी वापरत नाहीत. दुसऱ्याकडून आणलेल्या शब्दाला आपापल्या घरी नवं काम लावलं गेलं.

आणि काम लावलं म्हणजे किती! इंग्रजीत ती नुसती क्रियाविशेषणं आहेत, त्यांना ना लिंग ना वचन. मराठीत वन्स मोअर हे नाम झालं आणि तेही पुल्लिंगी. पदाला वन्स मोअर मिळतो. एकाच पदाला तीन-तीन वन्स मोअर पडतात. प्रेक्षक तो देतात, नट तो घेतो, कधी हात जोडून नाकारतो. ज्या शब्दाला आपण विभक्तीचे प्रत्यय लावले, ज्याला देण्याघेण्याच्या व्यवहारात आणलं, तो शब्द मराठीच. माझं हे मत मी वर्गात सांगत आले आणि इथेही सांगते.

पण ‘पुन्हा’ हा साधा शब्द असताना लोकांना हा का लागला? मला वाटतं, त्याचं उत्तर तिकिटात आहे. नाटकाआधीचं आपलं गाणं देवळातलं, दरबारातलं किंवा बैठकीतलं. कीर्तनाला बसलेला माणूस बुवांना थांबवून तेच पुन्हा म्हणा असं सांगत नाही. बैठकीत ‘वा’ म्हणायचं, मान डोलवायची, ‘क्या बात है’ म्हणायचं. ही दाद झाली, मागणी नव्हे. मागणीला शब्द होता फर्माईश, आणि फर्माईश करण्याचा मान यजमानाचा. आपल्याच कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब होते. खाँसाहेबांनी एखादी चीज फिरून गावी असं सांगण्याचा अधिकार महाराजांचा. दाराशी बसलेल्या माणसाने मनातल्या मनात म्हणावं, एवढंच.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. दोन वर्षांनी ‘सौभद्र’. आता गाणं ऐकायला राजाचं आमंत्रण नको होतं. पैसे मोजले की पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त रांगांत, जागा. समोर बसलेल्यांत हायस्कूल-कॉलेजची इंग्रजी शिकलेली पहिली-दुसरी पिढी होती. आमचं राजाराम कॉलेजही त्याच १८८० सालचं. या मंडळींनी हा शब्द नाटकगृहात आणला असणार असा माझा कयास आहे. गुजराती, कन्नड नाटकांतही तो ऐकू येई आणि तमिळ चित्रपटगृहांत आजही येतो. तेव्हा तो एकट्या मराठीचा आहे असा हट्ट मी धरणार नाही. पण शिकलेल्याच्या तोंडून तो शेजारी बसलेल्या न शिकलेल्याने घेतला, आणि राजाची फर्माईश पिटात येऊन बसली. ‘पुन्हा म्हणा’ असं म्हणायला गायकाला अहोजाहो करावं की अरेतुरे, हा प्रश्न पडतो. वन्स मोअरला तो पडत नाही. वकील असो की हमाल, दोघांची हाक एकच.

कोल्हापूरला या हाकेसाठी घर मिळालं ते १९१५ साली. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. तिकडची क्रीडागारं आणि नाटकगृहं पाहून आल्यावर त्यांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं आणि त्याच्या शेजारी पॅलेस थिएटर. कुस्ती आणि गाणं एका भिंतीला भिंत लावून, हे फक्त आमच्याच गावाला सुचावं. एका बाजूला हलगी, दुसऱ्या बाजूला ऑर्गन. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंनी रंगवलेल्या नाटकाच्या पडद्यांची तेव्हा ख्याती होती. ज्यांनी ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या ते गोविंदराव टेंबे कोल्हापूरचेच. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा ध्यास घेतलेला हा माणूस. त्यांनी बैठकीचं गाणं नाटकाच्या पदांत आणून ठेवलं, आणि जी चीज महाराजांनी मागावी ती पिटातून मागितली जाऊ लागली.

ज्यांचं नाव पुढे या नाट्यगृहाला मिळालं ते केशवराव भोसले ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मले. वडील लवकर गेले. घरच्या गरिबीने पोर अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झालं. देवलांच्या ‘शारदा’तली शारदा त्यांनी केली आणि ती भूमिका गाजली. १९०८ साली त्यांनी हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली, तेव्हा वय अठराही नव्हतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण वन्स मोअरवर सगळ्यात मोठा आक्षेप ‘शारदा’सारख्या नाटकावरूनच घेतला जातो. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याला दिली जाणारी मुलगी. ती रंगमंचावर आपली भीती गाऊन सांगते. आणि लोक ओरडतात, वन्स मोअर! मुलीने पुन्हा जागेवर यायचं, पुन्हा तीच भीती, पुन्हा तोच हुंदका. नाटक जिथल्या तिथे ठप्प. रात्री सुरू झालेले प्रयोग पहाटेपर्यंत लांबत ते या हट्टापायीही. आक्षेप खरा आहे, मी तो मान्य करते. त्याची तक्रार जगभर जुनी आहे. व्हिएन्नात १ मे १७८६ रोजी मोझार्टचा ‘फिगारो’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, तेव्हा लोकांनी इतकी गाणी पुन्हा पुन्हा गायला लावली की सम्राट दुसऱ्या जोसेफने त्याच महिन्यात हुकूम काढला, एकाहून अधिक आवाजांचं गाणं पुन्हा होणार नाही.

पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. मोझार्टचं गाणं लिहिलेलं होतं, दुसऱ्यांदा ते जवळपास तसंच यायचं. आपलं पद तसं नव्हतं. शब्द तेच, पण दुसऱ्या खेपेला नट अंतऱ्यातून शिरणार, पहिल्या वेळी राखून ठेवलेली जागा आता उघडून दाखवणार, तिसऱ्या वेळी समेवर भलत्याच वाटेने उतरणार. आण्णा म्हणायचे, “पयला नाटकाचा, दुसरा गाण्याचा.” मी त्यात भर घालते, तिसरा परीक्षेचा. तिसऱ्या वन्स मोअरला नव्याने काही देता आलं नाही तर पिटाला ते लगेच कळायचं आणि पुढच्या पदाला हाक यायची नाही. ज्यांनी कधी बैठक ऐकली नव्हती अशा हजारो माणसांचे कान या हाकेने तयार झाले. एकच पद एका रात्रीत तीनदा, वेगवेगळ्या अंगांनी ऐकायला मिळणं ही संगीताची शाळाच होती, आणि तिची फी नाटकाच्या तिकिटातच आलेली.

आता पुन्हा केशवरावांकडे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीच्या आठवणी आमच्या गल्लीतले म्हातारे पाहिल्यासारख्या सांगत, जरी त्यांच्यातलं कुणी मुंबईला गेलेलं नसायचं. पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस.

त्यानंतर अकरा वर्षांतच पिटाच्या हाकेवर खरा घाव पडला. १९३२ साली ‘प्रभात’ने आमच्याच कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. पदांना ज्यांनी घडवलं तेच पडद्यावर गाऊ लागले, आणि पडद्यावरच्या टेंब्यांना वन्स मोअर देता येत नव्हता. लोक शिट्ट्या मारत, पडद्यावर पैसे फेकत, पण चित्र पुढे सरकायचंच. मागितलं तरी मिळत नाही हे कळल्यावर माणूस मागणं सोडतो.

शब्द मात्र मेला नाही, त्याने जागा बदलल्या. लावणीच्या फडात तो आजही खणखणीत आहे, तिथे तो दौलतजादा घेऊनच येतो. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात आहे. मला सगळ्यात आवडतो तो लग्नघरातला. नव्या नवरीने लाजत एका दमात उखाणा घेतला की बायका एकसुरात म्हणतात, “ऐकू नाही आलं, वन्स मोअर!” सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलेलं असतं. त्या मागणीत तिला आपल्यात घेणं असतं. माझ्या लग्नात ही हाक माझ्या सासूबाईंनीच दिली होती, आणि त्या घरातली माझी भीती तिथेच गेली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून आभाळ लाल दिसत होतं. मी खाली उतरले तेव्हा रस्त्यात अर्धं गाव उभं होतं. नाटकवाले होते, तालमीतले पैलवान होते, कधी नाटकाला न गेलेलेही होते. बरेच जण रडत होते. आण्णा ज्या दारात उभे राहायचे त्याच्या आत नुसता जाळ होता. रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. आता पुनर्बांधणी हाती घेतली आहे आणि ती पूर्वीसारखीच व्हावी असा गावाचा आग्रह आहे.

दगड आणि लाकूड पूर्वीसारखं करता येईल. ऐकणाऱ्यांचं काय? अलीकडे संगीत नाटकाचे जे थोडे प्रयोग होतात, त्यांत मी पाहते, पद संपलं की लोक सभ्यपणे टाळ्या वाजवतात आणि गप्प बसतात. गाणारा क्षणभर थांबतो. तो कशाची वाट पाहतो हे मला कळतं.

म्हणून एक विनंती. हे नाट्यगृह उघडेल तेव्हा तिथल्या पहिल्या संगीत नाटकाला या. मुलांना, नातवंडांना आणा. पद समेवर येऊ द्या, एक श्वास घ्या, आणि मग मोकळ्या गळ्याने मागा.