मदतीचा हात आणि कायद्याची भीती

परवा अमेरिकेतल्या नातीचा फोन आला होता. तिच्या कॉलेजच्या वसतिगृहात भिंतीवर दोन पेट्या आहेत. एकीत बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, दुसरीत नाकात मारायचा नॅलॉक्सोनचा फवारा. मी विचारलं, "अगं, काही चुकलं तर तुम्हा मुलांवर केस नाही का होत?" ती हसून म्हणाली, "आजी, त्यासाठी कायदा आहे."

मला हसू आलं नाही. १९८४ सालचा एस.टी. स्टँड आठवला. पण ते शेवटी सांगते.

या कायद्यांना तिकडे 'गुड समॅरिटन' कायदे म्हणतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट आहे, त्यावरून हे नाव पडलं. पहिला कायदा कॅलिफोर्नियात १९५९ साली झाला, आणि तो झाला डॉक्टरांसाठी. रस्त्यात कुणाला मदत केली आणि तो दगावला तर नातेवाईक नुकसानभरपाईचा दावा लावतील, या धास्तीने डॉक्टर गाडी थांबवेनासे झाले होते.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिलं की छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं. म्हणजे जीव वाचवायला डॉक्टरच हवा असं राहिलं नाही. मग झटक्याची यंत्रं सामान्य माणसाला वापरता येतील अशी झाली. ती वापरणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा फ्लोरिडाने १९९७ मध्ये केला आणि २००० साली केंद्रीय कायदाही आला.

अमली पदार्थांची गोष्ट मात्र वेगळी. हेरॉइनसारख्या द्रव्याची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत जाऊन थांबतो. नॅलॉक्सोन मेंदूतल्या त्या द्रव्याची जागा घेतं आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. त्याचा शोध १९६१ चा, सरकारी मान्यता १९७१ ची. तरी लोक मरतच राहिले. शोध लावणाऱ्या दोघांपैकी एक, जॅक फिशमन, यांचा सावत्र मुलगाच २००३ साली हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. औषध असणं वेगळं, वेळेला जवळ असणं वेगळं.

आणि जवळ असतो कोण? बहुधा सोबतच नशा करणारा मित्र. त्याला दाव्याची नाही, तुरुंगाची भीती. फोन केला तर आधी पोलीस येतील! म्हणून न्यू मेक्सिकोने आधी २००१ मध्ये नॅलॉक्सोन देणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २००७ मध्ये मदतीसाठी फोन करणाऱ्याला, जवळ अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यातून सूट दिली. पुढे बहुतेक राज्यांनी तेच केलं. २०२३ पासून तो फवारा तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो.

कायद्याला फटीही असतात. कॅलिफोर्नियात एका बाईने अपघातग्रस्त गाडी पेट घेईल या भीतीने सहकारी मैत्रिणीला बाहेर ओढलं. मैत्रीण पांगळी झाली आणि तिने दावा लावला. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, संरक्षण फक्त वैद्यकीय मदतीला आहे, ओढून काढण्याला नाही. पुढच्या वर्षी कायदाच बदलावा लागला.

आपल्याकडे? १८६० च्या दंडसंहितेतच ९२ वं कलम होतं: शुद्ध नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेलं कृत्य गुन्हा नाही. त्याचं उदाहरण मोठं मजेशीर आहे. वाघ माणसाला ओढून नेतोय, त्याला वाचवायला कुणी गोळी झाडली आणि ती माणसालाच लागली, तरी गुन्हा नाही. आता न्यायसंहितेत तेच ३० वं कलम आहे. पण आपली भीती शिक्षेची नव्हतीच, चौकीच्या फेऱ्यांची होती. ती दूर करायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आणि २०१९ चं मोटार वाहन कायद्यातलं १३४ अ कलम यावं लागलं. तेही मोटार अपघातापुरतंच. फुटपाथवर हृदय बंद पडलेल्याला उचलणारा त्यात बसत नाही.

तर तो एस.टी. स्टँड. धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ बाकावरून खाली कोसळले. गर्ल गाइडच्या शिबिरात मी प्रथमोपचार शिकले होते, वर्गात शिकवतही होते. पुढे झाले, तशी शेजारची बाई माझा हात धरून म्हणाली, "बाई, कशाला भानगडीत पडता? पोलीस केस होईल." तेवढ्यात गाडी लागली आणि मी चढले. त्यांचं पुढे काय झालं, मला आजतागायत कळलेलं नाही.

९२ वं कलम तेव्हाही होतं. मला ठाऊक नव्हतं इतकंच. की ठाऊक असतं तरी मी गाडीत चढलेच असते? याचं उत्तर द्यायला मन अजून धजत नाही.

असो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये छाती दाबायला शिकवलं, तेव्हा पहिल्या रांगेत मी होते. शिकवणारा मुलगा म्हणाला, "आजी, बरगडी मोडली तरी थांबायचं नाही." मंडळी, तुम्हीही शिकून घ्या.