कडू कवठीचं तेल

आमच्या लहानपणी कडेगावात तेल आधी औषध होतं आणि मग फोडणी. कान ठणकला की कोमट तेलाचे दोन थेंब, गुडघ्याला तिळाचं, खरजेला करंजाचं, आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी कोऱ्या चहातून एरंडेल. ते प्यायलं की दुपारपर्यंत परसाकडच्या फेऱ्या. माझा जन्म झाला तेव्हा आमचा जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं, पण आजी मरेपर्यंत 'सातारा जिल्हा'च म्हणायची. ताकारी-टेंभूचं पाणी आणि ऊस यायच्या आधीची ही गोष्ट. माळावर भुईमूग आणि करडई असायची, गावात बैलाचा घाणा होता आणि घाण्याची लाट फिरताना होणारा करकर आवाज लांबपर्यंत ऐकू यायचा.

पुढे मी कराडला औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली आणि गावात येऊन दुकान टाकलं. कॉलेजात पहिल्यांदा कळलं की या घरगुती तेलांना आमच्या शास्त्रात 'फिक्स्ड ऑईल', म्हणजे स्थिर तेल म्हणतात. निलगिरीचं किंवा लवंगेचं तेल उडून जातं, ही तेलं उडत नाहीत. ओळखायची परीक्षा सोपी होती. कागदावर एक थेंब टाका आणि वाट बघा. उडनशील तेलाचा डाग थोड्या वेळाने निघून जातो, स्थिर तेलाचा राहतो.

घरची औषधं अडाणीपणाची असतात असा माझा समज तिथे पुसला गेला. एरंडेलात असलेलं रिसिनोलिक आम्ल आतड्यात सुटं होतं आणि आतड्याची हालचाल वाढवतं. एरंडीचं जहाल विष, रायसिन, तेलात उतरत नाही. ते पेंडीत मागे राहतं. दुकानात बसल्यावर तर लेबलं वाचायची सवयच लागली. सोमलाच्या विषबाधेवरचं जुनं इंजेक्शन शेंगदाण्याच्या तेलात असतं. मानसिक आजाराचं महिन्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन तिळाच्या तेलात असतं. गर्भपात टाळण्यासाठी देत ते एक संप्रेरक एरंडेलात असतं. तेलातून औषध रक्तात हळूहळू झिरपतं, म्हणून रोज सुई टोचावी लागत नाही.

पण मला लिहायचंय ते या तेलांबद्दल नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कपाटात एक धुळकट बाटली होती, 'चालमोगरा' असं लेबल लावलेली. थंडीत तेल थिजून पिवळट लोणी झालं होतं. बूच काढलं की खवट, नाकात बसणारा वास. आमच्या सरांना या तेलाचं फार कौतुक होतं. बहुतेक स्थिर तेलं ध्रुवित प्रकाशाची दिशा फारशी बदलत नाहीत, हे मात्र तो चांगलाच उजवीकडे वळवतं, कारण याच्या आम्लांच्या लांब साखळीच्या टोकाला पाच कार्बन अणूंचं एक कडं असतं. परीक्षेत हा प्रश्न येतो म्हणून मी सुट्टीत घरी मोठ्याने पाठ करत होतो. 'कुष्ठरोगात उपयोगी' हे शब्द कानावर पडले आणि तांदूळ निवडणारी आजी थांबली.

"म्हंजी कवठीचं त्याल व्हय रं?" तिने विचारलं. मी पुस्तकात पाहिलं. खाली मराठी नाव होतं, कडू कवठ. आमच्या गावात हे झाड नाही. तिला नाव कुठून माहीत?

त्या दुपारी आजीने मला सांगितलं की आजोबांना एक धाकटा भाऊ होता. तोवर मी एवढंच ऐकलं होतं की एक चुलत आजोबा मुंबईला गिरणीत होते आणि तिकडेच वारले. आमच्या भागातली निम्मी घरं गिरणीच्या पगारावर चालायची, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. खरं म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी दहा-बारा वर्षं त्यांच्या अंगावर चट्टे उठले, बोटं बधिर झाली, पायाला जखम झाली. त्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. रात्री सगळे झोपले की आजी जाऊन त्यांच्या पायाला करंजाचं तेल लावायची. मग एका पहाटे बैलगाडीतून त्यांना मिरजेला नेलं. "कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. सांगणारी आणि ऐकणारा सोडून ज्यांना कळू नये असं वाटावं, ते सगळे तोवर गेलेले होते.

तेव्हापासून हे तेल माझ्या मागे लागलं.

कडू कवठ हे सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या ओल्या जंगलांत, ओढ्याकाठी वाढणारं झाड. फळ कवठासारखं दिसतं, म्हणून हे नाव. बियांतून तेल निघतं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात 'तुवरक' नावाचं झाड येतं, ते हेच असं वैद्य मानतात. पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर ते वाढतं, पावसाळ्यात त्याची फळं गोळा करावीत, तेल तिळासारखं घाण्यात पिळून किंवा करडईचं काढतात तसं काढावं, असं सुश्रुत सांगतो. ते प्यायल्यावर ओकाऱ्या आणि जुलाब होतील हेही तो लपवत नाही. ज्याला दोन हजार वर्षांच्या आसपासचा ग्रंथ म्हणतात त्यात करडईचा घाणा भेटला, याचं मला कडेगावकर म्हणून बरं वाटलं.

इंग्रजी वैद्यकात हे तेल शिरलं ते कलकत्त्याच्या बाजूने. तिथले डॉ. मोआट यांनी १८५४ साली पूर्वेकडच्या चालमोगऱ्याचा कुष्ठरोगावरचा अनुभव छापला. मुंबईत मात्र नाव झालं ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचं. गोव्यातल्या मांद्र्यात १८२२ साली जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, गरिबांना फुकट औषध देणारे भाऊ दाजी. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. १८६०च्या दशकाच्या अखेरीस ते कुष्ठरोग्यांवर एक उपचार करू लागले. तेल पोटात द्यायचं, अंगाला चोळायचं आणि पथ्य कडक. रुग्णांना उतार पडतो अशी चर्चा झाली. तेल कशाचं, हे मात्र भाऊ दाजींनी गुप्त ठेवलं. पूर्ण खात्री झाल्याशिवाय जाहीर करायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८७४ साली ते गेले. ते तेल कवठीचं होतं, हे नंतरच्या औषधी ग्रंथांनी नोंदवलं.

मला भाऊ दाजींचा राग येत नाही. अपुऱ्या पुराव्यावर डांगोरा पिटणारे वैद्य तेव्हाही कमी नव्हते. पण झाकलेलं औषध तपासता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, सुधारताही येत नाही. १९०४ साली लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी चालमोगऱ्यातून ते कड्याचं आम्ल वेगळं काढलं, आणि पुढच्याच वर्षी कवठीच्या तेलातही तीच आम्लं असल्याचं दाखवलं. भाऊ दाजींना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. भाऊ दाजींची टिपणं उघड असती तर ही तीस वर्षं वाचली असती का, हा प्रश्न आमच्या घरातल्या माणसासाठी नुसता अभ्यासाचा नाही.

तेल पोटात घेतलं की मळमळ इतकी व्हायची की रुग्ण ते सोडून द्यायचे. सुईने द्यावं तर ते घट्ट. आत जिरायचं नाही, गाठी यायच्या, वेदना व्हायच्या. हा गुंता सोडवला तो हवाई बेटांवर ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी. त्यांनी तेलातल्या आम्लांचं पातळ, टोचता येईल असं इथाइल इस्टर बनवलं. १९१६च्या शेवटच्या दिवशी त्या वारल्या तेव्हा फक्त २४ वर्षांच्या होत्या, आणि पुढे बरीच वर्षं त्या पद्धतीला दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. इकडे कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स आणि नंतर अर्नेस्ट म्यूर यांनी हेच काम पुढे नेलं. म्यूर यांनी कवठीच्या साध्या तेलातच चार टक्के क्रिओसोट मिसळून टोचायची स्वस्त पद्धत रूढ केली. स्वस्त म्हणून ती खेड्यापाड्यातल्या माणसांपर्यंत पोचली. चट्ट्याच्या कातडीत थोड्या थोड्या अंतरावर थेंब थेंब तेल टोचत जायचं, आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं होतं आणि १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी वेगळा आश्रम. तिथे आजी एकदाच गेली, मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसाचं निमित्त करून. पदराखाली करंजाच्या तेलाची बाटली होती. दिरांच्या दंडांवर सुयांचे काळे ठिपके होते. त्या सुया कवठीच्या तेलाच्या, हे तिला त्यांनीच सांगितलं. बाटली बघून ते हसले. "वैनी, आता त्याल नगं. हितं डाक्तर सोता हात लावून बघत्यात."

या तेलाने रोग बरा व्हायचा का? काही रुग्णांना, विशेषतः लवकर आलेल्यांना, उतार पडायचा. अनेकांना रोग उलटायचा. काहींचा रोग तसाही आपोआप निवतो, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते कठीण होतं. पण तेल अगदी निरुपयोगी नव्हतं: १९७०च्या दशकात उंदरांच्या तळपायात कुष्ठजंतू वाढवून केलेल्या प्रयोगांत या आम्लांनी जंतूंची वाढ रोखलेली दिसली. तोवर तेलाची गरज मात्र संपली होती. १९४०च्या दशकात सल्फोन औषधं आली, डॅप्सोनच्या गोळीने सुया थांबवल्या, आणि १९८०च्या दशकापासून तीन औषधांचा एकत्र उपचार आला.

मला वाटतं, या तेलाचं खरं काम वेगळं होतं. ज्या रोगावर काहीच नाही त्याचा रोगी लपतो किंवा लपवला जातो. १८९८च्या कायद्याने तर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबता येत असे. औषध आहे म्हटल्यावर माणसं आपणहून दवाखान्याच्या दारात येऊ लागली, आणि जिथे फक्त ठेवून घेत होते तिथे उपचार होऊ लागले. आणि तेल लावायचं, टोचायचं, तर रोग्याचा हात हातात घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं, दर आठवड्याला. माझ्या चुलत आजोबांच्या बाबतीत तेलाने जंतू किती मेले ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी त्यांना दिवसाउजेडी हात लावत होतं, हे मात्र त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

तो १८९८चा कायदा आपण रद्द केला २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं २०१९ साली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, हे सिद्ध होऊन तोवर कितीतरी वर्षं झाली होती. कागदावरचे डाग उशिरा जातात.

आता गोळ्यांची पाकिटं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, त्या औषधांशी माझ्या दुकानाचा संबंध येत नाही. तरी वर्षाकाठी एखादा पोरगा येतो आणि हळू आवाजात गजकर्णाचं मलम मागतो. फिकट चट्टा दिसला की मी मलम देत नाही. त्याला काउंटरच्या आत बोलावतो, खुर्चीवर बसवतो, डोळे मिटायला सांगतो आणि कापसाचं टोक चट्ट्याला लावून विचारतो, कळतंय का. नाही म्हणाला तर आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवतो आणि घरी सांग म्हणून बजावतो. हे करताना एका हाताने त्याचं मनगट धरून ठेवावं लागतं.