फवारा, हवा आणि हात

1923 मध्ये ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला आणि ब्रशने आठवडेच्या आठवडे चालणारे मोटारीचे रंगकाम फवाऱ्यामुळे काही दिवसांवर आले. पण या वेगाने रंगाचे यश हवेच्या हाती दिले. झपाट्याने उडणारा थिनर पत्रा गार करतो, पावसाळी दमटपणा त्यावर साचतो आणि रंग पांढुरका पडतो. म्हणून मानोऱ्यासारख्या गावी अंगणात गाडी रंगवताना श्रावणातला दोष वेगळा, वैशाखातला वेगळा. उन्हाळ्यात थेंब पसरण्याआधीच सुकतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उरतो. दोष कारागिराचाच, असे कोणी म्हणेल. ओघळ त्याचा खरा, जवळून जाड हात मारल्याचा. पण त्याच कारागिराने उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर घेतला, की साल पुष्कळ कमी होते. ऋतू ओळखणे हीच या धंद्यातली पहिली कारागिरी.