माळवदावरची भरमार
मुरुडच्या आमच्या जुन्या घरात एक भरमार होती. एकनळी, टोपी लावून उडवायची, सागवानी दस्त्याची. पिकातली हरणं आणि रानडुकरं हाकायला माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, ती घेतली होती. 1948 साली ती घर राखायच्या कामी आली. मला तिच्याबद्दल सांगितलं ते वडिलांनी. तेव्हा ते मिसरूड फुटण्याच्या वयाचे होते आणि बार भरायचं काम त्यांच्याकडे होतं.

लातूर जिल्हा झाला 1982 साली. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले, आणि 1948 मध्ये निजामाच्या राज्यातले. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला खरा, पण गावांना त्यातून काही संरक्षण मिळालं नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करत होता. त्यामुळे ती संघटना आमच्यासाठी हैदराबादेतली दूरची गोष्ट नव्हती. पलीकडे बार्शी, म्हणजे मुंबई इलाखा, भारताची हद्द. ज्यांना जमलं त्यांनी बायकामुलं बार्शी-सोलापूरला पोचवली. लातूरहून बार्शीकडे जाणारी छोटी रेल्वे 1911 पासून होतीच. ज्यांना जमलं नाही त्यांनी आगळ तपासली, माळवदावर दगड चढवले आणि हत्यारांचा शोध सुरू केला.

कुठलं हत्यार घ्यायचं, हा प्रश्न तेव्हा आधी दारूगोळ्याचा होता. थ्री-नॉट-थ्री रायफल सगळ्यांना ऐकून माहीत होती. पल्ला लांब, मॅगझीनमध्ये दहा काडतुसं. पण ती काडतुसं गावात आणायची कुठून? निजामाला ती अडचण नव्हती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक 1948 मध्येच कराचीहून विमानं भरून शस्त्रं आणत होता आणि बिदर, वारंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. गावकऱ्याला मात्र काडतुसं संपली की रायफल म्हणजे नुसती काठी. भरमारीला लागणारी दारू, शिसं, चिंध्या यांची जुळवाजुळव होऊ शकायची. टोप्या तेवढ्या जपून वापरायच्या. शिकारीच्या बंदुकीवर भरवसा ठेवला गेला तो यामुळे, शौर्याची हौस म्हणून नव्हे.

तिच्यातले दोष वडील तितक्याच मोकळेपणानं सांगत. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा चिंधी, गजानं दाबायचं, मग टोपी बसवायची. हात सरावलेला असला तरी दोन बारांच्या मधला वेळ चालून येणाऱ्याला पुरेसा होता. पावसाळ्यात तर दारूच सर्दाळायची. म्हणून दारूचा डबा चुलीपासून लांब, पण कोरड्या जागी, ज्वारीच्या बळदात ठेवलेला असे आणि बंदूक तेल पुसून आढ्याला. मधला वेळ भरून काढायला गोफण. हुरड्याच्या दिवसांत पाखरं हाकणारी पोरं-बाया गोफणीत तरबेज होत्या, आणि माळवदावरून सुटलेला गुंडा अंधारात कुठून आला ते कळत नाही. माझ्या मते घराचं खरं संरक्षण ही सांगड होती: एक बार, चार गोफणी आणि जागी असलेली आळी. एकट्या बंदुकीनं कुणाचं घर राखलं गेलं असतं असं मला वाटत नाही.

13 सप्टेंबरला, ऐन भाद्रपदात, भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्यानं शिरल्या. 17 तारखेला निजाम शरण आला. आपल्याकडे ही गोष्ट इथे संपवतात. मला ते पटत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवला गेला. रझाकारीशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता तेही मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं सरकारला जो अहवाल दिला त्यात सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे नोंदवले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मृतांचा त्यांचा अंदाज 27 हजार ते 40 हजारांचा. सामान्य वाचकाला तो अहवाल पाहायला मिळाला 2013 मध्ये. उस्मानाबाद म्हणजे आमचाच जिल्हा. घर राखायला जमवलेली हत्यारं गावोगाव तशीच होती आणि भीती ओसरल्यावर राग उरला होता. आबांनी त्या दिवसांत दारूचा डबा आडात रिकामा केला. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि वडिलांनी विचारलं नाही.

आता गोष्ट कायद्याच्या हातात आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार थ्री-नॉट-थ्री सामान्य नागरिकाला मिळत नाही. परवाना मिळालाच तर बारा बोअर किंवा .315 ची रायफल. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. निवडणूक लागली की अनेकांना त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण आणि ते कुलपात ठेवायची सोय याही गोष्टी आणल्या. हे मला योग्य वाटतं. बंदूक घरात आली की ती घाबरलेल्या माणसाच्या हाती लागते तशी चिडलेल्याच्याही लागते, आणि कायदा निदान त्या क्षणाआधी दोन प्रश्न विचारतो.

शेतातल्या घरी चोऱ्या वाढल्या म्हणून माझा पुतण्या परवान्याचा अर्ज करायचं म्हणतो आहे. त्याला मी दोन गोष्टी वाचायला दिल्यात: अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा', आणि त्यानंतर लगेच सुंदरलाल समितीचा अहवाल. दोन्ही वाचून झाल्यावर अर्जावर बोलू, असं आमचं ठरलं आहे.