ओझरच्या धावपट्टीवर उतरणारे विमान कोणाच्या मालकीचे?

१५ जून २०१८ रोजी नाशिकची एक जुनी मागणी पुरी झाली. ‘उडान’ योजनेखाली जेट एअरवेजचे बोइंग ७३७ विमान ओझर ते दिल्ली असे आठवड्यातून तीन दिवस ये-जा करू लागले. गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला दिल्ली गाठण्यासाठी कसारा घाट उतरून मुंबईचा विमानतळ गाठण्याची आता गरज उरली नाही. मात्र ही सेवा एक वर्षही टिकली नाही. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे जेटचे शेवटचे विमान ठरले.

ही सेवा का बुडाली, याचे उत्तर ओझरच्या प्रवाशांची डोकी मोजून मिळत नाही. ते शोधायला आयर्लंडमधील शॅनन नावाच्या एका गावापर्यंत आणि १९७५ सालापर्यंत मागे जावे लागते.

भाड्याच्या विमानात दरवाज्याच्या चौकटीजवळ किंवा कॉकपिटमध्ये एक छोटीशी धातूची पट्टी बसवलेली असते. हे विमान अमुक कंपनीच्या मालकीचे असून तमुक कंपनीने ते भाडेपट्ट्याने घेतले आहे, एवढाच मजकूर त्यावर असतो. विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ ही भारतीय नोंदणीची अक्षरे असतात, शेपटीवर भारतीय कंपनीचे चिन्ह असते, आत हवाईसुंदरी ‘नमस्कार’ म्हणते. मालक मात्र सात समुद्रापलीकडे असतो. भारतातील विमान कंपन्यांच्या ताफ्यापैकी साधारण ८० टक्के विमाने अशी भाड्याची आहेत. जगभरात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे.

नेहमी असे नव्हते. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणले ते विकत घेऊन. त्या काळी बहुतेक देशांत विमान कंपनी म्हणजे सरकारी कंपनी. सरकारची हमी असल्यामुळे कर्ज मिळे आणि विमान कंपनीच्याच नावावर राही. या व्यवस्थेला पहिला तडा पाडला तो दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांनी. १९७३ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्टीव्हन उद्वार-हाझी या हंगेरीतून आलेल्या तरुणाने गोंडा पितापुत्रांच्या साथीने आयएलएफसी ही कंपनी काढली. एक वापरलेले डीसी-८ विमान एरोमेक्सिकोला भाड्याने देऊन तिचा व्यवहार सुरू झाला. दुसरा माणूस टोनी रायन. हा आयर्लंडच्या एअर लिंगस कंपनीत नोकरीला होता. कंपनीचे एक जंबो जेट रिकामे पडून होते. ते थायलंडच्या एअर सयाम कंपनीला भाड्याने देण्याचे काम त्याच्याकडे आले. विमान उडवण्यापेक्षा ते भाड्याने देणे अधिक किफायतशीर ठरू शकते, हे त्याने त्या कामात हेरले. १९७५ मध्ये एअर लिंगस आणि गिनेस पीट या वित्तसंस्थेच्या भागीदारीत त्याने शॅनन येथे जीपीए ही कंपनी उभी केली. भांडवल होते सगळे मिळून ५०,००० डॉलर, त्यात रायनचे ५,०००.

या धंद्याचे गणित समजण्यासाठी आपल्याकडच्या भाड्याच्या रिक्षेचे उदाहरण पुरेसे आहे. रिक्षा मालकाची, चालक दुसराच. गिऱ्हाईक मिळो न मिळो, दिवसाचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचेच. चालकाचा फायदा असा की रिक्षा घेण्याइतके भांडवल त्याला उभारावे लागत नाही. मालकाचा फायदा असा की एक चालक गेला तर तीच रिक्षा दुसऱ्याच्या हाती देता येते. विमानाचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे, भाडेपट्टा बहुधा ६ ते १२ वर्षांचा. म्हणजे एकच विमान आपल्या आयुष्यात तीन-चार देशांत, तीन-चार रंगांत उडते. मालकाला चिंता एकच: चालक बुडाला तर रिक्षा परत मिळेल ना? या धंद्याची सारी कायदेशीर इमारत याच एका चिंतेवर उभी आहे.

मालक कंपन्याही अमर नसतात. १९८९ मध्ये जीपीएने एका दमात ३०८ विमानांची, सुमारे १,७०० कोटी डॉलरची मागणी नोंदवली. पुढे आखाती युद्ध झाले, प्रवासी घटले. जून १९९२ मध्ये कंपनीने समभाग विक्रीला काढले, पण ते घ्यायला पुरेसे लोक आलेच नाहीत. कंपनी अखेर जनरल इलेक्ट्रिकच्या छत्राखाली गेली. विद्या मात्र आयर्लंडमध्येच राहिली. कमी कर, अनेक देशांशी केलेले करार आणि जीपीएत तयार झालेली माणसे यांमुळे हा धंदा आजही मुख्यतः त्याच बेटावरून चालतो.

जीपीए कोसळत होती, त्याच सुमारास भारताचे आकाश खाजगी कंपन्यांना खुले होत होते. मुंबईची ईस्ट-वेस्ट १९९२ मध्ये उडू लागली. ५ मे १९९३ रोजी नरेश गोयल यांची जेट एअरवेज चार बोइंग ७३७ विमाने घेऊन सुरू झाली. चारही भाड्याची. भाडेपट्ट्याची सोय नसती तर भारतात खाजगी विमानसेवा त्या दशकात सुरूच झाली नसती, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. ज्यांची पत नाही त्यांना विमान विकत घेण्यासाठी कर्ज कोण देणार होते? पण सोयीची दुसरी बाजूही लगेच दिसली. लुफ्थान्साची विमाने भाड्याने घेऊन उडणारी मोदीलुफ्त १९९६ मध्ये भाड्याच्याच वादात बंद पडली. गंमत अशी की तिचाच परवाना पुढे हस्तांतरित होत होत स्पाइसजेटकडे आला.

२००५ मध्ये इंडिगोने एक विमानही नसताना १०० एअरबस ए-३२० ची मागणी नोंदवली आणि भारतात एक नवे तंत्र रूढ केले. मोठ्या मागणीवर कारखानदार घसघशीत सूट देतो. विमान ताब्यात येताच कंपनी ते भाडेकंपनीला बाजारभावाने विकते आणि त्याच क्षणी तेच विमान तिच्याकडून भाड्याने घेते. सूट आणि बाजारभाव यांतला फरक रोखीने हाती पडतो. हाती आलेला पैसा राखून ठेवणारी कंपनी यात तरते. तोच पैसा रोजच्या तोट्यात घालणारी कंपनी पुढच्या वर्षांची भाडी आजच खाऊन बसते.

त्यात भाडे डॉलरमध्ये. समजा एका विमानाची किंमत ४ कोटी डॉलर आहे आणि महिन्याचे भाडे तिच्या ०.८ टक्के, म्हणजे ३ लाख २० हजार डॉलर. २०१८ च्या आरंभी डॉलर ६४ रुपयांच्या जवळपास होता, तेव्हा हे भाडे सुमारे २ कोटी ५ लाख रुपये. ऑक्टोबरात डॉलर ७४ ला पोहोचला, तेव्हा तेच भाडे २ कोटी ३७ लाख. एका विमानामागे महिन्याला ३२ लाखांची वाढ, आणि तीही एकही नवी खुर्ची न मिळता. त्याच वर्षी इंधनही महागले. तिकिटे मात्र रुपयांत विकायची, आणि स्पर्धेमुळे दर वाढवण्याची सोय नाही. ‘उडान’च्या मार्गांवर तर ठरावीक आसनांच्या भाड्याला सरकारनेच कमाल मर्यादा घातलेली.

अशा पेचात सापडलेली कंपनी आधी कोणता मार्ग सोडते? मुंबई-दिल्ली नव्हे. फेब्रुवारी आणि मार्च २०१९ मध्ये जेट शेअर बाजाराला एकामागून एक पत्रे पाठवीत होती: भाडे थकल्यामुळे आणखी इतकी विमाने जमिनीवर. जसजशी विमाने कमी होत गेली, तसतशी उरलेली विमाने जास्त कमाईच्या मार्गांवर वळवली गेली. ओझरसारखी ठिकाणे या यादीत तळाशी असतात.

नंतर जे घडले ते या धंद्याचे स्वरूप उघड करणारे आहे. मालकांनी परत घेतलेली जेटची कित्येक बोइंग विमाने काही आठवड्यांतच स्पाइसजेटने भाड्याने घेतली. विमानांना नवा चालक मिळाला. जेटच्या हजारो कर्मचाऱ्यांना थकलेल्या पगारासाठी न्यायाधिकरणांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला तेव्हाही त्यांचे पैसे पुरते मिळालेले नव्हते.

यावरून मालक कंपन्या भारतात निर्धास्त होत्या असे समजणे चुकीचे ठरेल. १६ नोव्हेंबर २००१ रोजी केपटाऊन येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भाडे थकले तर ठरलेल्या मुदतीत विमान मालकाच्या हवाली करायचे, हा त्याचा गाभा. बदल्यात अशा देशातील कंपन्यांना भाडे व व्याज स्वस्त पडावे, हा हेतू. भारत २००८ मध्ये या करारात सामील झाला, पण संसदेने त्याला देशाच्या कायद्याचे रूप दिले नाही. सवलत हवी आणि बंधन नको, अशीच ही भूमिका होती असे म्हणावे लागते. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, तेव्हा विमाने देशाबाहेर नेण्यासाठी आयएलएफसी आणि जर्मनीची डीव्हीबी बँक यांना महिनोन्महिने झगडावे लागले. मालकाने मागणी करताच पाच कामकाजी दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा नियम २०१५ मध्ये आला. तरीही दिवाळखोरीचा कायदा त्याच्या वरचढ ठरू शकत होता.

तो ठरलाही. २ मे २०२३ रोजी मुंबईच्या वाडिया समूहाच्या गो फर्स्टने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने नादुरुस्त निघाल्याने निम्मा ताफा जमिनीवर असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज मान्य केला आणि सर्व वसुलीला स्थगिती दिली. ५४ भाड्याची विमाने जागीच अडकली. न्यायाधिकरणाची भूमिका अगदीच अनाठायी नव्हती: विमान कंपनीकडून विमानेच काढून घेतली, तर पुनरुज्जीवन कशाचे करायचे? पण उभे विमान दिवसेंदिवस खराब होते आणि सुटे भाग काढले गेल्याच्या तक्रारी न्यायालयात येऊ लागल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विमानांना त्या स्थगितीतून वगळले. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पाच दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. मालकांना एक वर्ष लागले. जानेवारी २०२५ मध्ये गो फर्स्टही मोडीत निघाली.

एप्रिल २०२५ मध्ये संसदेने केपटाऊन कराराला कायद्याचे बळ देणारा कायदा अखेर मंजूर केला. करारात सामील होऊन तोवर सतरा वर्षे लोटली होती. हा कायदा आवश्यक होता. वचन दिल्यावर ते न पाळणाऱ्या देशाला भाडे चढेच पडते. त्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न मात्र उरतो. पुढची कंपनी बुडेल तेव्हा विमाने पूर्वीपेक्षा वेगाने निघून जातील. थकलेले पगार आणि आगाऊ काढलेली तिकिटे यांच्या वसुलीसाठी मागे फार काही उरणार नाही. आणि ज्या शहरांतून आठवड्याला मोजकीच विमाने उडतात, तिथली सेवा आधी तुटेल.

ओझरला मार्च २०२३ पासून इंडिगोची विमाने येऊ लागली. याच धावपट्टीला लागून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा १९६४ साली स्थापन झालेला कारखाना आहे. मिग आणि सुखोई येथेच तयार झाली, आणि त्यांच्या मालकीविषयी कधी कोणाला प्रश्न पडला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये याच कारखान्याने एअरबसशी करार केला: ए-३२० जातीच्या प्रवासी विमानांची देखभाल-दुरुस्ती नाशिकमध्ये करण्याचा. भाडेपट्टा संपल्यावर विमान परत करताना त्याची कसून तपासणी होते. प्रत्येक सुट्या भागाचा कागद जुळवला जातो, आणि कागद हरवला तर किंमत घसरते. भारतीय कंपन्या या कामासाठी वर्षानुवर्षे विमाने परदेशी पाठवीत आल्या आहेत.